डबा उघडला की व्हॅनिला, ओढला की नुसती वाफ

शंकासुर (शनिवार, रात्री १०:२०)

मंडळी, पाईप ओढणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. बाकीच्यांनी नाक मुरडून पुढे जावं, राग नाही.

मामा गेल्यावर त्याच्या सामानातला एक पाईप मामीने मला दिला. ब्रायरच्या लाकडाचा, सरळ दांडीचा, बाऊलची (तंबाखू भरायच्या वाटीची) कड एका बाजूने काळवंडलेली. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेलो की बाहेरच्या खोलीत एक वास असायचा. गोड, थोडा जळक्या साखरेचा, थोडा जुन्या लाकडी कपाटाचा. चाळीस वर्षं झाली, अजून नाकात आहे.

मी वर्षातून चार-पाच सिगार ओढणारा, म्हणजे अगदीच नवखा नाही. पाईप पुसला, व्हॅनिलाच्या वासाचं ब्लॅक कॅव्हेंडिश मिश्रण आणलं. (ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चूक कोणाची हेच अजून ठरायचंय.) डबा उघडला आणि थेट मामाच्या घरात पोचलो.

मग ओढला. पहिला झुरका: गरम वाफ. दुसरा, तिसरा: गरम वाफ. पाचव्या मिनिटाला दांडीत गुडगुड आणि जिभेवर एक कोमट, कडूजहर थेंब. अर्ध्या तासात अकरा काड्या. व्हॅनिला औषधालाही नाही. दुसऱ्या दिवशी जिभेचं टोक असं सोलवटलेलं की पाणी पितानाही जाणवत होतं. आणि हे चाललेलं असताना आतल्या खोलीतून बायको विचारते, "काय छान वास येतोय, काय करतोयस?"

दोनदा करून पाहिलं, दोनदा हेच. कोण चुकतंय? मी, पाईप की तंबाखू?

भिंगरी (शनिवार, रात्री १०:३१)

बायकोला वास आवडला म्हणजे निम्मी लढाई जिंकलात. जिभेचं काय, येते परत.

खडूस_काका (शनिवार, रात्री १०:५२)

तंबाखू चुकतंय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही सगळी सुगंधी मिश्रणं. पाक पाजलेला पाला. चांगल्या पानाला अत्तर लावावं लागत नाही. फेकून द्या आणि साधं व्हर्जिनिया नाहीतर लटाकिया असलेलं इंग्लिश मिश्रण आणा.

रानवारा (शनिवार, रात्री १०:५५)

काकांनी काडी टाकली. शंकासुररावांच्या अकरा धरून ही बारावी.

मंद_आच (शनिवार, रात्री ११:४०)

काकांना नंतर बघू. शंकासुर, तुमची लक्षणं इतकी ठरीव आहेत की पाईप न बघता सांगतो: तंबाखू ओलं होतं, गच्च भरलंत आणि भराभर ओढलंत.

ओलं का, ते आधी. या मिश्रणांत वास टिकावा आणि पान वाळू नये म्हणून बरेचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ते पाणी धरून ठेवतं. डब्यातून काढलेलं तंबाखू हाताला मऊ, किंचित चिकट लागतं ना? ते तसंच भरलं तर पेटवल्यावर आधी पाणी उकळतं, पान नंतर जळतं. तुम्ही ओढलीत ती खरोखरच वाफ होती. वाफ कोरड्या धुरापेक्षा जास्त भाजते, कारण जिभेवर तिचं पाणी होताना तिच्यातली उष्णता जिभेलाच मिळते. तुमचा तो कडू थेंब म्हणजे हीच वाफ गार दांडीत निवून, वाटेतली घाण गोळा करून आलेली.

उपाय. एका भरणीपुरतं तंबाखू कागदावर पसरून ठेवा, तास-दीड तास, दमट हवेत त्याहून जास्त. चिमटीत दाबून सोडून बघा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. हळूहळू उलगडला, आणि एखाददुसरी काडी कुरकुरली, तर झालं. वास उडून जाईल याची भीती वाटते, पण थोडा उडाला तरी उरतो तो तोंडात कळतो.

भरताना तीन थर. पहिला नुसता सोडायचा, जेमतेम दाबायचा. दुसरा जरा जास्त. तिसरा घट्ट. जुने लोक सांगतात, पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या. (यावर वाद नको, म्हण माझी नाही.) भरून झाल्यावर न पेटवताच ओढून बघा. हवा सहज यायला हवी, अगदी किंचित अडून. गालफडं आत जात असतील तर उपसून पुन्हा भरा.

पेटवणं दोनदा. पहिल्या काडीने वरचा थर नुसता करपवायचा. तंबाखू फुगून वर येतं, त्याला टँपरने (तंबाखू दाबायच्या दट्ट्याने) हलकं बसवायचं. मग दुसरी काडी गोल फिरवत. त्यानंतर ओढायचं म्हणजे काय, तर नाकाने श्वास घेत बसल्यासारखं. मिनिटाला दोन-तीनदा, चुळबुळ न करता. बाऊल हातात धरवत नाही इतका तापला की खाली ठेवा. विझला तर विझला. पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही.

शंकासुर (शनिवार, रात्री ११:५८)

"चिकट लागतं ना?" हो. चिमटीत गोळा केला तो अजून गोळाच आहे. आणि मी अंगठ्याने ठासलं होतं, पोतं भरल्यासारखं.

कपिलाषष्ठी (रविवार, सकाळी ८:१५)

खडूस_काकांच्या "अत्तर लावावं लागत नाही" यावर आक्षेप.

काका, तुमच्या "साध्या" तंबाखूतही बहुतेक वेळा काहीतरी घातलेलं असतंच. केसिंग आणि टॉपिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसिंग म्हणजे पान कापायच्या, भाजायच्या आधी त्यात मुरवलेलं पाणी: साखर, ज्येष्ठमध, कोको वगैरे. त्याचा हेतू वास देणं नसतो, पानाचा कडवटपणा आणि धार मोडणं हा असतो. टॉपिंग म्हणजे सगळं झाल्यावर वरून फवारलेलं. व्हॅनिला, चेरी, रम हे सहसा टॉपिंग. तुम्ही नावं ठेवताय ती टॉपिंगला, पण केसिंग तुम्हीही आयुष्यभर ओढत आलात.

दुसरं, कॅव्हेंडिश नावाचं झाड नसतं. कॅव्हेंडिश ही प्रक्रिया आहे. पान ओलं करून, गोडवा मुरवून, वाफेत आणि दाबाखाली ठेवतात. त्यात ते काळं पडतं, मवाळ होतं आणि त्याची स्वतःची चव बरीचशी जाते. म्हणूनच ते दुसऱ्याचे रंग घेतं. आत व्हर्जिनिया असेल किंवा बर्ली (दोन्ही तंबाखूचे प्रकार), दोन्ही चालतं.

बर्ली तर या कामासाठीच जन्मलंय. पान सच्छिद्र, साखर जवळपास नाही, जे घालाल ते पिऊन टाकतं. आज आपण ओढतो ती पांढरी बर्ली १८६४ साली अमेरिकेत ओहायोमधल्या एका शेतात अचानक उगवली. बी लाल बर्लीचं पेरलेलं, आणि रोपं निघाली फिकट, पिवळट. आधी रोग पडला असं वाटून उपटलीच होती म्हणतात. मग कळलं की हे पान सुगंध आणि गोडी कितीही शोषतं. तिथून पुढे सुगंधी मिश्रणांचे दिवस आले.

खडूस_काका (रविवार, सकाळी ९:०२)

माहितीबद्दल आभार. मत तेच.

स्टेथो (रविवार, सकाळी ९:४०)

सगळे भरण्या-पेटवण्यात रंगलेत म्हणून मध्ये बोलतो.

पाईपवाल्यांचा आवडता युक्तिवाद असतो, "आम्ही धूर आत घेत नाही." पाईपच्या बऱ्याच तंबाखूंचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. आत घ्यायची गरजच नसते. रिकाम्या पोटी जोरात ओढलं की घाम फुटून गरगरतं, ते याचमुळे. आणि धूर तोंडात फिरतो म्हणजे ओठ, जीभ, घसा हे सगळे रांगेत उभे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचं धूम्रपान पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं. त्यात पाईपला सूट नाही. व्हॅनिला घातल्याने जळणाऱ्या पानाचं टार कमी होत नाही, फक्त ते वाईट वाटत नाही. माझ्या मते यातला धोका नेमका तोच आहे.

शंकासुर, वर्षात चार-पाच सिगारवरून हा आकडा कुठे जातो त्यावर लक्ष ठेवा. सोललेली जीभ पंधरा दिवसांत भरली नाही तर कुणाला तरी दाखवा.

शंकासुर (रविवार, सकाळी १०:०५)

स्टेथो, पटलं. मामा कशाने गेला हे मी लिहिलं नव्हतं. तुम्ही न विचारता ओळखलंत बहुतेक.

स्टेथो (रविवार, सकाळी १०:११)

सॉरी. पण हो.

सुलेखन (रविवार, सकाळी ११:३०)

अवांतर: "ॲरोमॅटिक"ला सगळे "सुगंधी" म्हणताय. सुगंधी म्हणजे ज्याला मुळात सुगंध आहे ते. वरून लावलेलं ते "सुवासित". तस्मात् सुवासित तंबाखू. आणि पाईपला धूम्रनलिका हा सुंदर शब्द आहे.

रानवारा (रविवार, सकाळी ११:३४)

धूम्रनलिका म्हणजे कारखान्याचं धुराडं वाटतं. शंकासुररावांच्या बाबतीत ते चुकीचंही नाही म्हणा.

वाचनमात्र (रविवार, दुपारी २:१०)

तीन वर्षं नुसती वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. मी ओढत नाही. नवरा ओढायचा, सहा वर्षांपूर्वी सोडला.

तुम्ही सगळे चवीवर बोलताय. वासाकडून सांगते. चेरीचं तंबाखू तो पेटवायचा तेव्हा पहिली दहा मिनिटं घरभर खरंच गोड वास सुटायचा. पाहुणे म्हणायचे, "वा!" तो मात्र तोंड वाकडं करून म्हणायचा, "मला काहीच लागत नाही, नुसता धूर." मला ते खोटं वाटायचं. इतका वास येतो आणि याला चव नाही?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खोली उघडली की पडद्यांना ओल्या राखेचा वास. चेरी गेलेली, राख राहिलेली. पडदे मी धुवायचे. त्यामुळे "काय छान वास येतोय" हे तुमच्या पत्नी रात्री म्हणाल्या की सकाळी, हा प्रश्न आहे.

भिंगरी (रविवार, दुपारी २:२२)

तीन वर्षांची उधारी एका प्रतिसादात वसूल. लिहीत राहा हो.

मंद_आच (रविवार, दुपारी ४:००)

वाचनमात्र, तुमचे यजमान खोटं बोलत नव्हते. टॉपिंगमधले वासाचे रेणू हलके असतात, उष्णतेने चटकन उडतात. जळत्या थराच्या खालचं तंबाखू तापलं की ते सुटतात आणि धुराबरोबर खोलीभर होतात. ओढणाऱ्याच्या तोंडात त्याच वेळी निकोटिन, गरमी आणि कडवटपणा असतो, त्यात व्हॅनिला बिचारं दबून जातं. शिवाय व्हॅनिला म्हणजे मुळात वासच, जिभेला ती कळत नाही. तोंडातला धूर थोडासा नाकाने बाहेर सोडला तर ओढणाऱ्यालाही काहीतरी मिळतं. (स्टेथोंचं सगळं मान्य करून हे लिहितोय.)

इंग्रजीत याला "रूम नोट" म्हणतात. तंबाखूच्या समीक्षेत चवीला वेगळे गुण आणि खोलीतल्या वासाला वेगळे. दोन्हीत पहिलं येणारं मिश्रण क्वचितच. लेन कंपनीचं १-क्यू हे अमेरिकेत सुट्ट्या विक्रीत वर्षानुवर्षं खपतंय. व्हॅनिला, ब्लॅक कॅव्हेंडिश आणि व्हर्जिनिया. आणि त्याची तारीफ करणारे सर्वांत आधी काय सांगतात? आजूबाजूच्यांना आवडतं.

खडूस_काका (रविवार, दुपारी ४:१८)

म्हणजे मी काय म्हणत होतो? हे तंबाखू शेजाऱ्यांसाठी असतं.

कपिलाषष्ठी (रविवार, दुपारी ४:४०)

काका, टोकाला जाऊ नका. सगळीच व्हॅनिलात बुडवलेली नसतात. प्रिन्स अल्बर्ट हे मिश्रण १९०७ पासून आहे. बर्लीवर बेतलेलं, वरचा हात हलका, पानाची भाजक्या दाण्यासारखी चव शाबूत. शंकासुर यांनी सुरुवात अशा एखाद्याने केली असती तर जीभ आणि उत्साह दोन्ही वाचले असते.

रानवारा (रविवार, सायंकाळी ६:०५)

हा वास नेमका येतो कशाचा हो? डब्यावर "नैसर्गिक व्हॅनिला" वगैरे लिहिलेलं खरं असतं का?

कपिलाषष्ठी (रविवार, सायंकाळी ६:३०)

मिश्रणकार पाककृती सांगत नाहीत. जुन्या काळातली एक गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक आहे. टोंका बी आणि डियरटंग नावाच्या वनस्पतीची पानं. दोन्हीत कुमारिन असतं, त्याचा वास व्हॅनिला आणि ताज्या कापलेल्या गवताच्या मधला. अमेरिकेत १९५४ मध्ये कुमारिन अन्नात घालायला बंदी आली, यकृताला घातक म्हणून. तंबाखूत मात्र ते पुढेही होतं. २००९ मध्ये तिथे फळांच्या, मसाल्यांच्या चवीच्या सिगारेटी बंद झाल्या, त्यातूनही पाईपचं तंबाखू सुटलं. तरुण मुलं पाईपकडे वळत नाहीत म्हणून असेल.

चिमटा (रविवार, रात्री ९:१५)

तंबाखूवर सगळे बोलले, पाईपवर कोणीच नाही. शंकासुर, मामांचा पाईप आतून साफ केलात का? "पुसला" लिहिलंय म्हणून विचारतो. पुसणं म्हणजे बाहेरून.

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. उष्णता सोसते, ओल पिते. वासही पिते. वर्षानुवर्षं ज्या तंबाखूवर तो पाईप चालला त्याचं भूत त्यात राहतं. तुम्ही व्हॅनिला भरलीत, भूत दुसऱ्याच कुणाचं असेल तर दोघांचं भांडण तुमच्या तोंडात.

पुढचं करा आणि कळवा:
बाऊलमध्ये करंगळी घालून बघा. भिंतींवर कोळशाचा थर असेल. मिलीमीटरभर असावा, तो लाकडाला वाचवतो. त्याहून जाड असेल तर तासून कमी करायचा, नाहीतर तापून फुगतो आणि बाऊल तडकतो.
दांडी काढून आतल्या भोकातून पाईप क्लीनर फिरवा. काळा निघेल. पांढरा निघेपर्यंत फिरवत राहा, लागलं तर अल्कोहोलमध्ये बुडवून.
मग थंड, रिकामा बाऊल नाकाला लावा आणि कसला वास येतो ते सांगा.

एक धमकी: दांडी काढायची ती पाईप पूर्ण गार झाल्यावरच. मी वडिलांचा पाईप गरम असतानाच घाईने पिळला. कट्. दांडीचं टोक आत, दांडी हातात. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

शंकासुर (सोमवार, रात्री ११:२०)

चिमटा, केलं. करंगळी नखापर्यंतच गेली. थर इतका जाड की बाऊलच्या पोटात दुसरा छोटा बाऊल झालाय. दांडीतून सतरा क्लीनर गेले. पहिले नऊ चिखलाचे, मग डिंकासारखं काहीतरी तपकिरी, सोळावा मळकट, सतरावा म्हणावा तर पांढरा. म्हणजे परवाची गुडगुड थोडी माझ्या ओल्या तंबाखूची आणि बरीचशी या बोगद्याची.

पण वास. व्हॅनिला माझ्या दोन भरण्यांची असेल तेवढीच, वरवर. तिच्याखाली धूर. लाकडाच्या शेकोटीचा, जळकं चामडं, किंचित डांबर. हा मामाच्या खोलीचा वास नाहीच.

खडूस_काका (सोमवार, रात्री ११:२६)

लटाकिया!!

खडूस_काका (सोमवार, रात्री ११:४१)

क्षमस्व, उत्साहात एकच शब्द गेला. शेकोटी, चामडं, डांबर म्हणजे लटाकियाच. नाव सीरियातल्या बंदरावरून, पण आता मिळतं ते सायप्रसचं. पान उन्हात वाळवून मग ओक, पाइन आणि तिथल्या सुवासिक झुडपांच्या धुरात आठवडेच्या आठवडे टांगतात. एकदा पाईपला चिकटलं की सुटत नाही. तुमच्या मामांची आवड उत्तम होती. उगीच व्हॅनिला भरून त्यांचा पाईप बाटवलात.

रानवारा (सोमवार, रात्री ११:४४)

काका, तुम्हीच सांगा, वरून धूर लावलेलं चालतं आणि वरून व्हॅनिला लावलेली चालत नाही?

कपिलाषष्ठी (मंगळवार, सकाळी ७:५०)

रानवारा +१. मी दोन दिवस हेच वाक्य शोधत होते.

चिमटा (मंगळवार, सकाळी ८:३०)

शंकासुर, तो पाईप सुवासितसाठी वापरू नका. भूत घालवता येतं: बाऊलमध्ये मीठ भरायचं, थेंब थेंब तीव्र अल्कोहोल सोडायचं, रात्रभर ठेवायचं. मीठ तपकिरी होतं. पण मीठ दांडीच्या बाजूला उतरलं तर लाकूड तडकू शकतं, म्हणून आधी त्या भोकात क्लीनर खुपसून ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर हे करणार नाही. भूत मामांचं आहे, राहू द्या.

व्हॅनिलासाठी मक्याच्या कणसाचा पाईप घ्या. कॉब. हलका, ओल पितो, तडाखे सोसतो, आणि बिघडला तर जीव तुटत नाही. मिझुरीतल्या वॉशिंग्टन या गावी हेन्री टिबी नावाच्या कातारीने १८६९ मध्ये हे सुरू केलं. कणसाला बाहेरून प्लास्टर लावून घासायची युक्ती त्याची, १८७८ चं पेटंट. तो कारखाना अजून चालतो.

भिंगरी (मंगळवार, सकाळी ९:००)

मग खोलीतला गोड वास कशाचा? मामांकडे लटाकिया आणि भाच्याच्या नाकात जळकी साखर? चाळीस वर्षांत नाकाने गोष्ट रचली असेल.

शंकासुर (मंगळवार, सकाळी ९:१०)

नाही हो. डबा उघडला तेव्हा अंगावर काटा आला होता, तो उगीच नाही. मामीला फोन करतो.

मंद_आच (गुरुवार, रात्री ९:३०)

धागा थंड पडलाय म्हणून एक गंमत. संथ ओढण्याच्या जागतिक स्पर्धा होतात. प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या, पेटवायला एक मिनिट. नंतर काडी नाही. ज्याचा शेवटपर्यंत जळतो तो जिंकतो. मुरलेले लोक दोन तासांच्या वर खेचतात. दोन काड्यांत. शंकासुरांच्या अकराची आठवण झाली.

स्टेथो (गुरुवार, रात्री ९:३८)

पेटवायचाच नाही अशी स्पर्धा ठेवा, मी नाव देतो.

शंकासुर (रविवार, रात्री १०:४५)

आठवड्याचा हिशोब देतो.

कॉब आणला. तंबाखू कागदावर पसरून दोन तास ठेवलं, चिमटीतला गोळा हळूहळू उलगडला. तीन थर. मोजून चार काड्या, त्यातल्या दोन सुरुवातीच्या. पाईप हातात धरवत होता सगळा वेळ. पहिली दहा मिनिटं, धूर नाकातून सोडला तेव्हा व्हॅनिला आली. डब्यातल्यासारखी नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी बोलतंय, शब्द कळत नाहीत पण आवाज ओळखीचा, तशी. मग ती गेली आणि नुसतं मवाळ, किंचित गोडसर, कोरड्या पुठ्ठ्यासारखं उरलं. वाईट नाही. खालचा तिसरा हिस्सा ओला होऊन कडू व्हायला लागला तिथे थांबलो. आधीच्या दोन्ही वेळा तळापर्यंत खेचला होता. ऊस गोड लागला म्हणून मुळापर्यंत खाऊ नये, इथे तर गोडही लागला नव्हता. जीभ शाबूत.

खडूस_काका, लटाकियाचं एक छोटं पाकीटही आणलंय. मामाच्या पाईपात एकदाच भरणार. स्टेथो, एकदाच.

आता मामी. विचारलं, "मामा कुठलं तंबाखू ओढायचा?" ती म्हणाली, "कुठल्या पाईपात?" दोन होते. घरात बसला की गोडवाला, कारण तिला दुसऱ्याचा वास सहन व्हायचा नाही, "जळलेल्या दोरखंडासारखा". जेवण झालं की तो मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा आणि तिथे हा माझ्याकडचा काढायचा. मी विचारलं, "मग गोडवाला त्याला आवडायचा का?" म्हणाली, "छे. म्हणायचा, हे ओढणं म्हणजे तुझ्यासाठी उदबत्ती लावणं आहे."

वाचनमात्र (रविवार, रात्री १०:५८)

आमच्याकडच्या चेरीचंही असंच असेल. कधी विचारलं नाही. आज विचारते.

खडूस_काका (रविवार, रात्री ११:०३)

शेजाऱ्यांसाठी म्हणालो होतो ते मागे घेतो. दुसरा पाईप कुठाय?

शंकासुर (रविवार, रात्री ११:१०)

मामीच्या कपाटात, साड्यांच्या खाली. मागितला. देत नाही. म्हणाली, "तो माझा आहे."

नवखा_२ (सोमवार, दुपारी १:२०)

छान धागा. वाचनखूण साठवली. कॉबला नऊ मिलीमीटरचा फिल्टर बसतो का?

चिमटा (सोमवार, दुपारी १:४५)

काहींना. बहुतेकांना सहाचा. आणि फिल्टर घातलात तरी तंबाखू आधी वाळवा.